गणिताच्या पूरक तासाला वेळापत्रकात जागा मिळवताना

मुंबईतील एका स्वायत्त वाणिज्य महाविद्यालयात मी गणित आणि संख्याशास्त्र शिकवते. प्रथम वर्ष बी.कॉम.च्या कच्च्या विद्यार्थ्यांसाठी सत्राच्या आरंभी चालणारा ब्रिज कोर्स बंद करून, त्याऐवजी मुख्य विषयाच्या सोबतीनेच पूरक तास देण्याचा बदल आम्ही घडवून आणला. शिकवण्याच्या बाजूने तो अवघड नव्हता. कार्यालयाच्या बाजूने मात्र त्याने माझी पुरती दमछाक केली, आणि इतर महाविद्यालयांतील सहकारी आता याबाबत विचारू लागले असल्यामुळे तो भाग सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

आपल्याकडे अकरावी-बारावी वाणिज्य शाखेत गणिताऐवजी सेक्रेटरियल प्रॅक्टिस घेता येते. त्यामुळे आमच्या वर्गातील पुष्कळ मुलांनी गणिताचा शेवटचा पेपर दहावीत लिहिलेला असतो. प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत याचे माप) म्हणजे काय, हे त्यांना समजते. ती अडतात ऋण संख्येच्या वर्गापाशी. एखादी रक्कम १२ टक्क्यांनी वाढून ५६० रुपये झाली, तर मूळ रक्कम किती, असे विचारले की निम्मा वर्ग ५६० चे १२ टक्के काढून वजा करतो आणि ५०० ऐवजी ४९२.८० हे उत्तर देतो. जुन्या ब्रिज कोर्समध्ये आम्ही हे सारे शिकवत होतो, पण ज्यांना त्याची सर्वाधिक गरज होती ती मुले तिसऱ्या गुणवत्ता यादीनंतर दाखल होत, आणि तोवर कोर्स संपत आलेला असे. जी हजर असत त्यांनाही आरंभी घोटलेले घातांक वार्षिकीच्या (ठरावीक काळाने येणाऱ्या समान हप्त्यांच्या) प्रकरणापर्यंत आठवत नसत.

विषयाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळापुढे ठेवलेल्या टिपणात मी अमेरिकेतील अनुभवाचा आधार घेतला होता. तेथील कम्युनिटी कॉलेजांत (दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयांत) कच्च्या विद्यार्थ्यांना आधी क्रेडिट (पदवीच्या हिशेबात धरले जाणारे श्रेयांक) नसलेले बीजगणित पूर्ण करावे लागे आणि पुष्कळ जण तेथेच गळत. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत २०१३ साली अशा विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करण्यात आली: काहींना नेहमीचे प्राथमिक बीजगणित, काहींना त्यासोबत साप्ताहिक कार्यशाळा, तर काहींना थेट महाविद्यालयीन संख्याशास्त्र आणि सोबत कार्यशाळा. उत्तीर्णांचे प्रमाण अनुक्रमे सुमारे ३९, ४५ आणि ५६ टक्के होते, म्हणजे वरच्या पायरीवर थेट बसवलेली मुले अधिक संख्येने पार पडली. कॅलिफोर्नियाने २०१७ साली कायदाच केला, ज्यायोगे प्रवेश चाचणीच्या आधारे विद्यार्थ्यांना मागच्या वर्गात अडकवून ठेवण्याची प्रथा मोडीत निघाली. आमच्या मंडळाला हे पटले आणि मंजुरी विनाविलंब मिळाली.

त्यानंतर मी कार्यालयात गेले, आणि तेथे सगळे थांबले. पहिला प्रश्न आला: "मॅडम, या तासाला क्रेडिट किती?" मी सांगितले की क्रेडिट नाही, तो पूरक तास आहे. क्रेडिट नसेल तर तो कार्यभारात, म्हणजे शिक्षकाच्या अधिकृत तासांत, धरता येत नाही, असे अधीक्षकांनी सांगितले. कार्यभारात नाही म्हणून वेळापत्रक समिती त्याला वर्गखोली देईना. वेळापत्रकात नाही म्हणून लेखा विभाग तासिका तत्त्वावरील शिक्षकाचे मानधन मान्य करीना. आणि गुण नाहीत म्हणून परीक्षा विभागाच्या संगणकात त्याची नोंदच होईना. प्रत्येक जण मला पुढच्या टेबलाकडे पाठवत होता आणि पुढचे टेबल मागच्याकडे बोट दाखवत होते. माझा संताप नियमांवर नव्हता. संताप याचा होता की "होणार नाही" हे कोणीही कागदावर लिहून देत नव्हते, आणि तोंडी नकाराविरुद्ध प्राचार्यांकडे तरी काय घेऊन जायचे? म्हणून सर्वांत आधी हे करा: अर्ज आवक क्रमांक घालूनच द्या, आपल्या प्रतीवर शिक्का घ्या आणि अभिप्राय लेखी मागा. मी लेखी अभिप्राय मागितल्यावरच अडचण नेमकी क्रेडिटची आहे, हे एका ओळीत माझ्या हाती आले.

ती ओळ हाती आल्यावर मी विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०२२ चा क्रेडिट आराखडा पुन्हा वाचायला घेतला. त्यात व्याख्यानाच्या एका क्रेडिटसाठी आठवड्याला एक तास धरला आहे, तर प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटसाठी दोन तास. तोडगा तेथेच होता. आमचा विषय चार क्रेडिटचा, म्हणजे आठवड्याला चार व्याख्याने. त्याची मांडणी तीन क्रेडिट व्याख्याने आणि एक क्रेडिट प्रात्यक्षिक अशी केली, की क्रेडिट चारच राहतात, तास मात्र पाच होतात, आणि मुलांना हवा असलेला जादा तास कोणाकडेही वेगळा मागावा लागत नाही. हे सुचले त्या दिवसाचा मला आजही अभिमान वाटतो.

मांडणी बदलल्यामुळे विषय पुन्हा अभ्यास मंडळाकडे न्यावा लागला. स्वायत्त महाविद्यालयाच्या मंडळावर कुलगुरूंनी नामनिर्देशित केलेले एक तज्ज्ञ असतात, बाहेरचे आणखी तज्ज्ञ असतात, उद्योगक्षेत्राचे प्रतिनिधी असतात. या सर्वांना सोयीची तारीख जुळेपर्यंत सत्र सुरू होईल की काय, या धास्तीत मी होते. तेव्हा बैठकीची तारीख मार्चपूर्वीच ठरवून ठेवा. दुसऱ्या मंजुरीनंतर मात्र त्याच अधीक्षकांनी कार्यभाराचा तक्ता आनंदाने बदलून दिला, आणि मानधनाचा प्रश्नही सुटला.

प्रात्यक्षिकाचे दोन तास व्याख्यानाला लागूनच ठेवा. आमची मुले विरारहून, कल्याणपलीकडून पहाटेची लोकल पकडून सातच्या तासाला येतात आणि त्यांतील अनेक दुपारी नोकरीवर जातात. कॉलेज सुटल्यानंतर ठेवलेला तास कितीही उपयुक्त असला तरी रिकामाच राहतो. शिवाय दुपारी खोल्या स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रमांकडे जातात, त्यामुळे तेथे वाद घालण्यात अर्थ नाही.

प्रात्यक्षिक संपूर्ण वर्गाला असल्यामुळे कोणावरही कच्चेपणाचा शिक्का बसत नाही, हा या मांडणीचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा लाभ आहे. तुकड्या लहान ठेवतो. प्रमाण विचलनाच्या आठवड्यात ऋण संख्या आणि वर्गमूळ, वार्षिकीच्या आठवड्यात घातांक, शेअर्सच्या वेळी टक्केवारी, असा पायाभूत भाग प्रकरणासोबतच येतो; ज्यांचे ते पक्के आहे ती मुले तीच उदाहरणे संगणकावर तक्ता मांडून सोडवतात. पहिल्या सत्राच्या निकालात आमच्या विषयातील केटीची, म्हणजे नापास होऊन विषय मागे राहिलेल्यांची, यादी आखूड झाली.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. उशिरा प्रवेश घेणाऱ्यांसाठी पहिल्या काही आठवड्यांची प्रात्यक्षिके आम्ही पुढे पुन्हा घेतो, आणि ही तरतूद अभ्यासक्रमाच्या मसुद्यातच लिहून मंजूर करून घेतली आहे. ती मसुद्यात नसेल, तर त्या तासांसाठीही पुन्हा त्याच टेबलांवरून फिरावे लागेल.