अंगठ्याला बांधलेली दोरी

दुपारी बहिणीकडे जेवून जरा आडवा होणार, तेवढ्यात तिने पायाने सरकवत एक मोठं चपटं खोकं माझ्यापुढे आणलं. "दादा, एवढं जोडून दे ना. तुझा हात चांगला आहे." ज्याच्या गळ्यात काम मारायचं असतं, त्याचा हात नेहमीच चांगला असतो.

खोक्यावर चार चित्रं होती. पहिल्यात बाळ आडव्या पाळण्यात पडलेलं. दुसऱ्यात तोच पाळणा वर उचलून झोपाळा झालेला. तिसऱ्यात त्याचा बाउन्सर झालेला, वर कमान, कमानीला लोंबणारी तीन खेळणी आणि त्यांना लाथा घालणारं बाळ. चौथ्यात कमान गायब आणि खाली चार पायांची खुर्ची. म्हणजे निजवणं, जोजवणं, व्यायाम आणि बैठक, सगळं एकाच सांगाड्यात. मला मजा याची वाटली की चारही चित्रांत बाळ तेच होतं आणि तेवढंच होतं. वस्तू वाढत गेली होती, बाळ जागच्या जागी.

एकात चार असलेल्या वस्तूंवर माझा मुळातच विश्वास नाही. सोफा-कम-बेडवर काढलेल्या एका रात्रीनंतर माझी पाठ अजून माझ्याशी नीट बोलत नाही. तो सोफा म्हणूनही बरा नव्हता आणि बेड म्हणून तर नव्हताच, मधलं 'कम' तेवढं पक्कं होतं. पण भाच्यासाठी आलेल्या वस्तूबद्दल असं बोलायची सोय नसते. मी निमूट बसलो.

सोबतच्या कागदावर एक अक्षर नव्हतं. नुसती चित्रं, आणि त्यात एक बिनचेहऱ्याचा माणूस. त्याच्या हातातला स्क्रू कधी वाकडा जात नाही, त्याला नळी उलटी बसलेली चौथ्या चित्रानंतर कळत नाही, आणि शेजारी बसून "ते असं नाहीये रे" म्हणणारी बहीण त्याला नाही. माझ्याजवळ हे सगळं होतं. तासाभराने सांगाडा उभा राहिला, कापडी बैठक त्यावर ताणून बसली, आणि पिशवीत एक स्क्रू उरला. तो मी खिशात टाकला.

"उरला का काही?"

"छे."

मग बाळाला आत ठेवलं. चार महिन्यांचा ऐवज. मान धरून थोडेच दिवस झालेत, त्यामुळे ती मान तो नवीन घड्याळ दाखवावं तशी सगळीकडे वळवून दाखवतो. पहिल्यांदा नुसता पडून राहिला. मग एक लाथ मारली, बैठक हलली, आणि तो दचकला. पुन्हा मारली, पुन्हा हलली. आपणच हे हलवतोय हे त्याच्या लक्षात आलं तो क्षण मी अगदी समोरून पाहिला. भुवया वर गेल्या, तोंड उघडं राहिलं आणि मग दोन्ही पायांचा नुसता धुमाकूळ. या बाउन्सरला ना मोटर आहे ना बॅटरी. बाळाच्या स्वतःच्या वजनावर आणि लाथेवरच तो डोलतो. माझा सगळा आकस त्या पाच मिनिटांत वितळला. खिशातला स्क्रू तेवढा टोचत होता.

कुठलीही वस्तू हातात आली की तिचं घराणं शोधायची मला खोड आहे. बहीण आत गेल्यावर मी फोन काढला. बाळाला स्प्रिंगवर टांगून उड्या मारू देणाऱ्या झोळ्याची गोष्ट आधी सापडली. ऑलिव्हिया पूल नावाच्या बाईंचा हा शोध. अमेरिकेतल्या ओजिब्वे आदिवासींच्या वस्तीत वाढताना त्यांनी पाहिलं होतं, की आया बाळांना पाठीवर वाहायच्या फळीला बांधून ती फळी चामडी पट्ट्याने फांदीला टांगतात आणि फांदी लवली की बाळ खालीवर होतं. १९१० साली स्वतःचं पहिलं मूल झालं तेव्हा त्यांनी कुऱ्हाडीचा दांडा, एक स्प्रिंग आणि लंगोटाचं कापड घेऊन घरच्या घरी फांदी तयार केली. पुढे त्यांना सात मुलं झाली, आणि पेटंट मिळालं १९५७ साली. तोवर खुद्द त्या पहिल्या बाळाची चाळिशी उलटून गेली होती. कुऱ्हाडीचा दांडा वापरावा हे सुचणारी बाई मला फार आवडली. घरात काय आहे ते आधी पाहायचं आणि मग शोध लावायचा.

पण खरा जीव जडला तो एका बाकावर. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत झुलणारी लाकडी बाकं बनायची. खाली झुलत्या खुर्चीसारखे वाकडे पाय, आणि अर्ध्या बाकाला पुढून काढता-घालता येणारा कठडा. कठड्याच्या बाजूला बाळ निजवायचं, उरलेल्या अर्ध्यात आईने शिवण घेऊन बसायचं. तिने जरा टाच रेटली की दोघंही झुलायची. मूल मोठं झालं की कठडा काढायचा, झालं साधं बाक. एकात दोनच, पण दोन्ही खरी. आणि मुख्य म्हणजे झुलवणारी आणि झुलणारं एकाच फळीवर.

हे वाचताना माझा उजवा पाय हलत होता. तो तसा नेहमीच हलतो. कचेरीच्या बैठकीत हलतो, दातांच्या डॉक्टरकडे हलतो, एकदा नाटक बघताना शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी माझ्या गुडघ्यावर हलकेच हात ठेवून तो थांबवला होता. "पाय हलवू नकोस" हे वाक्य मी आयुष्यात स्वतःच्या नावाखालोखाल ऐकलं असेल. पण त्याला कारण आहे, आणि ते कारण त्या वेळी आतल्या खोलीत बाळाचे कपडे घडी करत होतं.

बहीण झाली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. पाळणा खोलीच्या मधोमध टांगलेला, आणि आईला दुपारी शंभर कामं. मला वाचायचं वेड. आईने दोन्हींचा मेळ असा घातला, की पाळण्याची दोरी लांब केली, टोकाला सैल फास केला आणि तो माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यात अडकवला. मी जमिनीवर उताणा, छातीवर पुस्तक, आणि गुडघ्यातून पाय मागेपुढे. पानं उलटायला हात मोकळे. याहून सुखाची नोकरी मला नंतर कुणी दिली नाही.

तिच्यात अडचण एकच होती. गोष्ट रंगात आली की पाय जोरात चालायचा. चोर भिंतीवर चढला की पाळणा लागलाच आढ्याकडे निघायला, आणि आतून आईचा आवाज यायचा, "अरे हळू, होडी नाहीये ती!" वर्णनाची पानं आली की पाळणा मंद व्हायचा, कंटाळवाण्या प्रकरणात जवळजवळ थांबायचाच. तेव्हा बहिणीचा घट्ट मिटलेला एक डोळा उघडायचा. फक्त एक. रडायच्या आधीची सूचना असायची ती. मी पाय चालू करायचो, डोळा मिटायचा. झोप लागली की नाही हे मी मुठीवरून ओळखायचो, मूठ उमलली की काम झालं. पण फास काढायला उठलं की दोरीला ताण बसायचा, ताणाने पाळण्याला हिसका, आणि मूठ परत बंद. त्यामुळे मी न उठायलाच शिकलो. पुस्तक संपलं तरी न उठता तेच पहिल्यापासून वाचायचं.

एका दुपारी आई बाहेर आली तर मी घोरत होतो, पुस्तक तोंडावर, पाय लयीत चालू, आणि बहीण पाळण्यात टक्क जागी, कठड्यातून माझ्याकडे बघत. ही हकीकत आता बहीणच सगळ्यांना सांगते. प्रत्यक्ष पाहिल्यासारखी सांगते, आणि पाहिली होती हे खरंच आहे.

पुढे मोठेपणी कळलं, की माझी झोप अगदीच बेकायदा नव्हती. जिनिव्हातल्या संशोधकांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. १२ मोठ्या पुरुषांना दुपारी ४५ मिनिटं झोपवलं, एकदा स्थिर पलंगावर आणि एकदा चार सेकंदांत एक हेलकावा घेणाऱ्या पलंगावर. हलत्या पलंगावर ते लवकर झोपले आणि जास्त गाढ झोपले. कानाच्या आत तोल सांभाळणारं इंद्रिय असतं, हेलकावा त्याला कळतो आणि पुढे मेंदूला काहीतरी सांगतो. जे सांगतो ते बाळपणाबरोबर संपत नाही एवढं खरं. चाळिशीपुढच्या माणसाला 'झोपाळ्यावर बस' म्हटलं की तो आधी नको म्हणतो आणि मग उठत नाही. आणि बायका पाहाव्यात. मूल शाळेत गेलेलं, हातात नुसती पिशवी, तरी रांगेत उभ्या राहिल्या की या पायावरून त्या पायावर डोलतात. त्यांना ते ठाऊक नसतं. सांगितलं तर थांबतात, आणि मिनिटभराने पुन्हा सुरू.

हे सगळं मनात चाललं होतं आणि इकडे बाउन्सरमध्ये शांतता पसरली होती. लाथा थांबल्या होत्या. मूठ उमलली होती. मी विजयी मुद्रेने बहिणीला खुणावलं. ती आली, तिने पाहिलं, आणि सरळ पट्टा सोडून त्याला उचललं!

"अगं, झोपलाय तो!"

"म्हणूनच."

आत पलंगाच्या शेजारी त्याचं साधं लाकडी खाटलं आहे, घट्ट सपाट गादी, उशी नाही, दुलई नाही, एखादं बाहुलंसुद्धा नाही. माझ्या मते तुरुंगातही एवढं रिकामं बरं दिसत नसेल. तिने त्याला तिथे उताणा ठेवला. तो अर्थातच जागा झाला आणि त्याने दोन्ही डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, बघ, मी तर म्हणतच होतो.

बहीण रागावली नाही. बाळाचं डोकं जड असतं, म्हणाली. तिरक्या बैठकीत झोप लागली की हनुवटी छातीवर पडते आणि नळीसारखी बारीक श्वासवाट दुमडते. रडता येत नाही, आवाज होत नाही. जागेपणी खेळायला ही वस्तू छान आहे, झोपेला नाही. अमेरिकेत १० अंशांहून जास्त उतार असलेली बाळांच्या झोपेची साधनं विकायलाच २०२२ च्या कायद्याने बंदी घातली, आणि त्याआधी बरीच बाळं गेली होती. हे तिने कपड्याची घडी न थांबवता सांगितलं. माझ्या अंगठ्याच्या दोरीवर वाढलेली ही मुलगी इतकं कधी शिकली कोण जाणे.

मी विषय बदलायला म्हणालो, "बरं, मग पुढच्या खेपेला पांगुळगाडा आणतो." तर तीही सोय राहिली नाही. पंधराव्या शतकात, १४४० च्या सुमाराला रंगवलेल्या एका प्रार्थनेच्या पोथीत बाळ येशू लाकडी पांगुळगाड्यातून चालताना दाखवला आहे, हे मी नुकतंच वाचलं होतं, ते ऐकवलं. तिने ऐकवलं, की चाकांच्या पांगुळगाड्यावर कॅनडाने २००४ सालीच बंदी आणली. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात पंधरा महिन्यांच्या आतली २ लाख ३० हजारांहून जास्त मुलं त्यापायी इस्पितळात पोचली, बहुतेक जिन्यावरून पडून. शिवाय चालायला तो शिकवत नाही. आपले पाय मुलाला दिसतच नाहीत त्यात. "जमिनीवर पालथा घाल, तोच व्यायाम," ती म्हणाली. म्हणजे चार चित्रांच्या वस्तूपेक्षा रिकामी सतरंजी वरचढ. हे खोक्यावर छापत नाहीत.

बाळ काही झोपेना. मग मी त्याला खांद्यावर घेतलं आणि खोलीत चालू लागलो. जपानी संशोधकांनी २०२२ साली यालाही माप दिलं आहे. पाच मिनिटं घेऊन चालायचं, मग लगेच न ठेवता पाच ते आठ मिनिटं तसंच घेऊन बसायचं, आणि मग ठेवायचं. बाळ जागं होतं ते पाठ गादीला लागल्यामुळे नाही, आपलं अंग त्याच्यापासून सुटतं त्या क्षणामुळे. सुटण्याआधी त्याला खोल झोपेत जाऊ द्यायचं, इतकंच. मी घड्याळ लावलं नाही. मूठ पाहिली.

तो खाटल्यात नीट झोपला तेव्हा उजेड उतरला होता. बहीणही शेजारी बसल्या बसल्या पेंगली. मी बाहेर येऊन जमिनीवर टेकलो, फोनवर आणखी जुनं काही सापडतं का पाहत. इटलीतल्या हर्क्युलेनियम या गाडल्या गेलेल्या रोमन शहरातला एक पाळणा सापडला. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी उसळला त्या राखेखालचा. पार कोळसा झालेला, पण आकार जसाच्या तसा, कारण धग इतकी होती की लाकूड जळून जायच्या ऐवजी करपून टिकलं. आत बाळाचे अवशेष होते. २०१३ साली तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये मांडला होता. खालचे वाकडे पाय शाबूत आहेत. पाळणा अजून झुलतो.

"दादा."

बहीण दारात उभी होती.

"रिकामा कशाला हलवतोयस?"

मी पाहिलं तर माझा उजवा पाय बाउन्सरच्या नळीवर होता आणि बैठक लयीत खालीवर होत होती. मी पाय काढून घेतला. ती आणखी दोन-तीनदा हलली. मी खिशातून स्क्रू काढला आणि म्हटलं, "दिवा लाव जरा. एक राहिलाय."