पाण्यात आवाज सोडून मासे मोजणारी आमची फर्म – आमची वाटचाल

नमस्कार मंडळी. तुर्भे एमआयडीसीत आमचा एक गाळा आहे, खाली वर्कशॉप, वर ऑफिस, आणि काम असं की बोटीवरून पाण्यात आवाज सोडायचा आणि जो इको परत येतो त्यावरून त्या पट्ट्यात मासा किती असेल याचा अंदाज काढायचा. नातेवाईकांपासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळे विचारतात की नक्की करता काय, आणि दरवेळी अर्धवट सांगून होतं, म्हणून म्हटलं एकदा नीट बसून सगळं लिहूया.

सुरुवात माशांपासून नव्हती. मी इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमावाला, बरीच वर्षं बोटींवरचे इकोसाउंडर (पाण्यात आवाज सोडून इकोवरून खोली मोजणारी यंत्रं), जीपीएस, रेडिओ दुरुस्त करायची नोकरी केली, मग 2009 साली मी आणि माझा एक मित्र मिळून फर्म काढली. काम होतं खोली मोजायचं. जेट्टी बांधायची, गाळ काढायचा, पाइपलाइन टाकायची, तर आधी तळ कुठे किती खोल आहे ते लागतं. बोट दिवाळे कोळीवाड्यातून भाड्याने घ्यायचो, बाजूला लोखंडी पाइप बांधायचा, त्याच्या टोकाला ट्रान्सड्युसर म्हणजे आवाज सोडणारा आणि इको ऐकणारा भाग, आणि दिवसभर सरळ रेषांत ये-जा. काम बरं चालायचं, पेमेंट उशिरा यायचं, ते सगळ्यांचंच यायचं.

आता खोलीच्या सर्व्हेत तळाच्या वर मधल्या पाण्यात जे ठिपके आणि ढग दिसतात तो कचरा धरतात. संध्याकाळी डेटा साफ करताना ते सगळं पुसून टाकायचं आणि फक्त तळाची रेघ ठेवायची, हीच पद्धत आहे आणि खोलीसाठी ती बरोबरच आहे. एकदा मी बोटीवरच लॅपटॉप उघडून हे करत बसलो होतो, नाखवा शेजारी चहा घेत होते, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आरं पुसतस कशाला, म्हावरा हाय तो." मी म्हटलं नाखवा आपल्याला तळ पाहिजे. ते म्हणाले, "तुला तल पायजे, आमाला म्हावरा पायजे." मी तिथेच थांबलो. जो डेटा आम्ही रोज पुसत होतो तो या माणसाच्या पोटापाण्याचा होता.

मग वाचायला लागलो आणि कळलं की यात जग कधीचंच पुढे गेलंय. नॉर्वेच्या ऑस्कर सुंडने 1935 मध्येच लोफोटेन बेटांजवळच्या कॉड माशांच्या थरांचे इको छापले होते. 1960 च्या दशकात इको नुसता बघायचा नाही तर त्याची बेरीज करायची यंत्रं आली, म्हणजे खऱ्या अर्थाने मोजणी सुरू झाली. आपल्याकडेही हे नवीन नाही, 1970 च्या दशकात कोचीनला संयुक्त राष्ट्रांच्या यूएनडीपी-एफएओ या संस्थांच्या प्रकल्पात तारली आणि बांगड्याचे असे सर्व्हे झालेत, आणि 1980 च्या दशकात सागर संपदा हे संशोधन जहाज आलं. पण ही सगळी मोठी जहाजं, मोठ्या संस्था. ठाण्याची खाडी, उरण, मोरा, करंजा या उथळ किनारपट्टीवर छोट्या बोटीने हे काम करून देणारा मला तरी तेव्हा कोणी सापडला नाही. म्हटलं मग आपणच करू.

साधा खोलीवाला इकोसाउंडर याला चालत नाही. त्यात लहान मासा बीमच्या, म्हणजे पाण्यात जाणाऱ्या आवाजाच्या झोताच्या, बरोबर मध्ये असला आणि मोठा मासा बीमच्या कडेला असला तर दोघांचा इको सारखाच येऊ शकतो, फरक कळायला मार्गच नाही. त्याला स्प्लिट बीम लागतो, त्यात ट्रान्सड्युसरचे चार भाग असतात आणि इको प्रत्येक भागापर्यंत किंचित वेगवेगळ्या क्षणी पोचतो, त्या फरकावरून मासा बीममध्ये नक्की कुठे आहे ते निघतं. हे मशीन परदेशातून मागवायचं आणि किंमत आमच्यासारख्याला न झेपणारी. बँकेने विचारलं तारण काय, मासे मोजायच्या मशीनवर कोण कर्ज देणार, शेवटी गाळाच तारण ठेवला. मित्राला हे पटलं नाही, तो खोलीचं काम घेऊन वेगळा झाला, आजही आमचं चांगलं आहे, अडीनडीला त्याची बोट मी घेतो.

मशीन आलं म्हणजे मोजणी सुरू असं नसतं, आधी कॅलिब्रेशन, म्हणजे ज्याचा इको माहीत आहे अशा वस्तूवर यंत्र तपासून जुळवून घेणं. टंगस्टन कार्बाइडचा एक गोळा असतो, 38.1 मिलिमीटर व्यासाचा, हातात घेतला की एवढ्याशा वस्तूला इतकं वजन कसं असं वाटतं. त्याचा इको किती यायला हवा हे गणिताने ठरलेलं आहे. तो बोटीच्या तीन बाजूंनी तीन बारीक दोऱ्यांवर ट्रान्सड्युसरच्या बरोबर खाली लटकवायचा, एक दोरी सोडायची, दुसरी ओढायची, असं करत बीमभर फिरवायचा. पाण्यात सोडायच्या आधी साबणाच्या पाण्यात बुडवायचा, कारण त्याला हवेचा बारीकसा बुडबुडा जरी चिकटला तरी रीडिंग गेलं. आणि हे सगळं भरती संपून ओहोटी लागायच्या मधे जेव्हा पाणी जरा थांबतं तेवढ्याच वेळात, कारण आपल्याकडे उधाणाला चार-पाच मीटर पाणी वरखाली होतं, त्या ओढीत गोळा जागेवर राहतच नाही. पाण्याचं तापमान आणि खारटपणाही घ्यायचा, कारण आवाज आपल्या कोमट खाऱ्या पाण्यात सेकंदाला 1540 मीटरच्या आसपास धावतो पण पावसाळ्यात खाडीत गोडं पाणी उतरलं की तो आकडा बदलतो. प्रत्येक कामाआधी आम्ही हे करतोच, क्लायंटला घाई असली तरी करतो.

आता मुख्य गोष्ट. यंत्र सांगतं की एवढ्या पाण्यातून एवढा इको आला. त्याला एका माशाच्या इकोने भागलं की संख्या मिळाली, हिशोब इतका साधा. सगळी गोम त्या "एका माशाच्या" मध्ये आहे. हेरिंग या तारलीसारख्या माशाच्या जातकुळीसाठी जे सूत्र वापरतात त्याप्रमाणे लांबी दुप्पट झाली की इको चौपट होतो, म्हणजे 20 सेंटिमीटरचा एक मासा आणि 10 सेंटिमीटरचे चार मासे यंत्राला सारखेच. पण वजन तर लांबी दुप्पट झाल्यावर साधारण आठपट होतं, म्हणजे त्या चार छोट्यांचं वजन एका मोठ्याच्या निम्मंच. इको तोच, आणि टनाचा आकडा दुप्पट किंवा निम्मा, तुम्ही काय लांबी धरली त्यावर. शिवाय ते सूत्र मुळात उत्तरेकडच्या थंड पाण्यातल्या माशांवरून निघालंय, आपल्या तारलीला ते डोळे झाकून लावायचं नाही.

आणि जातीजातीत जमीन-अस्मानाचा फरक. माशाच्या पोटात जी हवेची पिशवी असते, आपले कोळी जिला भोत म्हणतात, इकोचा 90 ते 95 टक्के भाग तीच देते. घोळीचं भोत तर माहीतच आहे, 2021 च्या ऑगस्टमध्ये पालघरच्या मुरब्याच्या बोटीला घोळ लागली आणि 1 कोटी 33 लाखांना गेली ती त्या भोतामुळेच. असा मासा स्क्रीनवर झळकतो. आणि आपला बोंबील? त्याला भोत नाहीच, अंगात जवळपास सगळं पाणी, त्यामुळे आवाज त्याच्यातून आरपार जातो. मुंबई-ठाण्याचा सगळ्यात लाडका मासा यंत्राला जेमतेम दिसतो. स्क्रीनवर बोंबील नाही म्हणजे समुद्रात बोंबील नाही असं कोणी तुम्हाला सांगत असेल तर अजिबात ऐकू नका.

जवळ्याचं उलट. मोऱ्याच्या बाहेर एकदा 200 किलोहर्ट्झच्या स्क्रीनवर मधल्या पाण्यात लालभडक जाड पट्टा उमटला, बोटीवर नवीन पोरगा होता तो ओरडलाच की केवढा मोठा थवा. 38 किलोहर्ट्झवर बघितलं तर तिथे फिकट निळसर धुरासारखं, जवळजवळ काही नाही. नाखव्यांनी पाण्याकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलंही नाही, म्हणाले "जवला हाय." छोटी बोक्षी, म्हणजे पिशवीसारखं जाळं, टाकली तर खरंच जवळा, जाळ्यात गुलाबी चिखल. जवळ्यासारखा बारीक जीव वरच्या फ्रिक्वेन्सीला जोरात बोलतो आणि खालच्या फ्रिक्वेन्सीला गप्प राहतो, भोतवाला मासा दोन्हीकडे बोलतो, म्हणून आम्ही दोन फ्रिक्वेन्सी एकदम चालवतो आणि वजाबाकी करतो. पण ही वजाबाकीही जात सांगत नाही, गट सांगते. तारली का पेडवा, मांदेली का आणखी काही, किती लांबीची, हे जाळंच सांगतं. त्यामुळे पहिल्यापासून नियम केला की आमच्या सर्व्हे बोटीच्या मागे डोलवाली (डोल म्हणजे प्रवाहात बांधून ठेवायचं मोठं पिशवीसारखं जाळं) किंवा जाळं टाकणारी दुसरी बोट असणार, आणि जिथे मोठा इको दिसला तिथे नमुना घेणार, मोजपट्टीवर एकेक मासा मोजणार.

यावरूनच धंद्यात सगळ्यात जास्त ओढाताण झाली. एका मोठ्या कामात क्लायंटने सांगितलं जाळं-बिळं नको, त्याला वेळ जातो, खर्च वाढतो, मत्स्य विभागाचीही विचारणा येते, नुसता इको घ्या आणि रिपोर्टात एक आकडा द्या, इतके टन. रेंज नको, कारण रेंज वाचून लोक प्रश्न विचारतात. मी म्हटलं रेंजच खरी आहे, एकच आकडा दिला तर तो मी मनाने लिहिलेला असेल. काम गेलं. तेव्हा हप्ते चालू होते आणि घरी दोन दिवस नीट बोलणं झालं नाही, पण मला आजही वाटतं ते गेलं ते बरं झालं. खाडीत बांधकाम आलं की या आकड्यांवर माणसांची भरपाई ठरते. वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या वेळी कोळ्यांच्या भरपाईचा प्रश्न हायकोर्टापर्यंत गेला होता, म्हणजे "इथे मासा होता की नव्हता" हा प्रश्न कागदावरचा नाही. उद्या आमच्या रिपोर्टवर बोट ठेवून कोणी म्हणालं की इथे मासाच नव्हता, तर त्या पाण्यात पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकून घर चालवणाऱ्याला मी काय तोंड दाखवणार.

लोक विचारतात धक्क्यावर उतरलेला मासा मोजतातच की, सीएमएफआरआय ही केंद्राची सागरी मत्स्य संशोधन संस्था कित्येक वर्षं ते काम पद्धतशीर करतंय, मग पाण्यात कशाला. तर ते काम पायाच आहे, त्याच्याशिवाय काही होत नाही. पण धक्क्यावर येतो तो पकडलेला मासा, पाण्यात उरलेला नाही. केरळात 2012 मध्ये तारली जवळपास 4 लाख टन उतरली आणि 2021 मध्ये साडेतीन हजार टनांच्याही खाली, एवढी घसरण धक्क्यावर दिसेपर्यंत बोटवाल्यांचे डिझेलचे पैसे बुडालेले असतात. पेरूत अँचोव्ही या छोट्या माशाचा हंगाम उघडायच्या आधी असाच इकोचा सर्व्हे करतात, 2023 मध्ये पिल्लंच जास्त दिसली म्हणून उत्तर-मध्य भागातला पहिला हंगाम रद्दच केला. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै बंदी असते ती तारखेवर चालते, आणि ती हवीच, पण त्यासोबत हंगाम उघडताना पाण्यात काय आहे याचा अंदाज हातात असला तर किती फरक पडेल.

खाडीत मात्र या तंत्राला मर्यादा आहेत आणि त्या आम्ही कोटेशनमध्येच लिहितो. सात अंशाचा बीम 10 मीटर खोलीला जेमतेम सव्वा मीटर रुंद होतो, म्हणजे आपण बघतो ती एक बारीक पट्टी. ट्रान्सड्युसरच्या लगेच खालचं पाणी दिसत नाही, तळाला चिकटलेला मासा तळाच्या इकोत लपतो, आणि चिखलावरची निवटी तर विसराच. ऐरोली-विटाव्याकडे ओहोटीला बोटच जात नाही. तिथे पाग, बोक्षी आणि कोळ्यांना विचारणं, हाच सर्व्हे.

सध्या आम्ही पाच जण आहोत, त्यातली दोन पोरं कोळीवाड्यातलीच, एकीने बीएस्सी झूलॉजी केलंय आणि आता इकोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचं इकोचं चित्र, माझ्यापेक्षा ती चांगला वाचते. तिचे वडील डोलवाले, त्यामुळे नमुन्यातला मासा बघून ती लांबी मोजायच्या आधीच सांगते की हा कुठल्या पाण्याचा. कर्ज फिटलं, गाळा मोकळा झाला. बंदीच्या काळात मशीन्स उघडून साफ करतो, केबल बदलतो, जुने डेटा परत काढून बघतो, आणि 2009 पासूनचा खोलीचा जो साफ करायच्या आधीचा कच्चा डेटा तसाच डिस्कवर पडून राहिला होता तोही चाळतोय, त्यावरून संख्या काढता येणार नाही कारण कॅलिब्रेशन नव्हतं, पण कुठल्या महिन्यात कुठे ढग दिसायचे एवढं तरी मिळतं.

पुढच्या हंगामापासून एक बदल केलाय. जाळ्याचा नमुना आणि मागच्या बोटीचं भाडं आत्तापर्यंत कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत असायचं आणि घासाघीस करताना सगळ्यात आधी तीच ओळ कापली जायची. आता ती ओळच नाही, सगळं मिळून एकच रेट, आणि नाखव्याचे पैसे आम्ही त्याच दिवशी देणार, क्लायंटचं पेमेंट येवो न येवो.