नाटोचं कलम ५, गोवा आणि कर्कवृत्त

झाव्हेंटेम विमानतळाकडून ब्रसेल्स शहरात येताना हारेन भागात काचेची अवाढव्य इमारत लागते. हे नाटोचं, म्हणजे युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या देशांच्या लष्करी युतीचं, मुख्यालय. १९६६ मध्ये फ्रान्स एकत्रित लष्करी रचनेतून बाहेर पडला आणि पुढच्याच वर्षी पॅरिसमधलं बिऱ्हाड इथे हललं.

एका सदस्यावर हल्ला झाला की सगळ्यांची सैन्यं आपोआप निघतात, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. नाटोच्या करारातलं कलम ५ तेवढं बांधून घेत नाही. हल्ला सगळ्यांवर झाला असं मानायचं हे खरं. पण मदत कोणती करायची, ते ज्याचं त्याने ठरवायचं. सैन्य पाठवलंच पाहिजे असं नाही. आजवर हे कलम एकदाच वापरलं गेलं, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर, आणि तेही अमेरिकेसाठी!

त्याला लागूनच असलेलं कलम ६ मराठी माणसाने मुद्दाम वाचावं. त्यात संरक्षणाची हद्द आखली आहे: युरोप, उत्तर अमेरिका, तुर्कस्तान आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेकडची अटलांटिकमधली बेटं. पोर्तुगाल १९४९ च्या १२ संस्थापकांपैकी एक. पण गोवा पडतो कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, १५ अंशांवर, तोही आशियात. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं तेव्हा कलम ५ चा आधार पोर्तुगालला नव्हताच. त्याने सुरक्षा परिषदेत धाव घेतली, तिथे सोव्हिएत नकाराधिकार आडवा आला. याच हद्दीमुळे अमेरिकेचं हवाई राज्यही कलम ५ च्या बाहेर राहतं.

१२ चे आज ३२ झाले, पण नवा सदस्य घेणं किचकट आहे. आधी सर्वानुमते निमंत्रण, मग प्रवेश-करारावर सह्या, मग प्रत्येक जुन्या सदस्याची आपापल्या देशात मंजुरी, आणि शेवटी नव्या देशाचा दस्तऐवज वॉशिंग्टनला जमा. गाडं अडतं ते मंजुरीत, कारण एकाने फाईल दाबून ठेवली तरी पुरते. फिनलंड आणि स्वीडन यांनी १८ मे २०२२ ला एकत्रच अर्ज दिले. फिनलंड साडेदहा महिन्यांत आत आला. स्वीडनला तुर्कस्तान आणि हंगेरीने लटकवलं. ७ मार्च २०२४ उजाडला. मॅसेडोनियाला तर ग्रीसच्या आक्षेपामुळे देशाचं नावच बदलून उत्तर मॅसेडोनिया करावं लागलं, तेव्हा २०२० मध्ये प्रवेश मिळाला.

युक्रेन सदस्य होईल, असं २००८ च्या बुखारेस्ट परिषदेने लिहून दिलं. तारीख घातली नाही.