पुणे आणि पेण, दोघांचाही स्लग ‘पण’

गावांची पानं भरणारी स्क्रिप्ट पेणवर येऊन अडकली. पुण्याची नोंद आत गेली होती. पेणची येताच डेटाबेसने इंटिग्रिटी एरर दिला: स्लग, म्हणजे पानाच्या वेबपत्त्यात येणारं छोटं नाव, आधीच वापरलेला आहे. टीममधल्या नव्या मुलीने शेल उघडून जँगोचं (पायथॉनमध्ये संकेतस्थळं बनवायच्या फ्रेमवर्कचं) स्लग बनवणारं स्लगिफाय फंक्शन थेट चालवलं, ‘अलाउ युनिकोड’ (इंग्रजीखेरीज इतर लिप्यांची अक्षरंही ठेवायचा पर्याय) चालू ठेवून. पुणे दिलं, ‘पण’ आलं. पेण दिलं, तरी ‘पण’. मग आम्ही अख्खी यादीच घातली. नाशिकचं ‘नशक’ झालं, मराठीचं ‘मरठ’ आणि कोल्हापूरचं चक्क ‘कलहपर’.

स्लगिफाय मजकूर नॉर्मलाइझ करतं, लोअरकेस करतं आणि ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’, स्पेस व हायफन सोडून बाकी सगळं उडवतं. पायथॉनच्या लेखी बॅकस्लॅश डब्ल्यू म्हणजे अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर. युनिकोडमध्ये प, ण, ई ही ‘लेटर’ आहेत, तर काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण हे सगळे ‘मार्क’. मार्क त्या व्याख्येत बसत नाहीत, म्हणून गळतात. सुटा स्वर मात्र टिकतो, त्यामुळे मुंबईची ‘मबई’ होते.

स्वतःचं फंक्शन लिहिणं सोपं आहे. युनिकोडडेटा मॉड्यूलमधून प्रत्येक चिन्हाची कॅटेगरी विचारायची आणि ती ‘एम’ने सुरू होत असेल तर चिन्ह ठेवायचं. पण तेवढ्याने भागत नाही. स्लग साठवणाऱ्या स्लगफील्डचा व्हॅलिडेटरही (मजकूर नियमात बसतो का हे तपासणारा कोड) त्याच बॅकस्लॅश डब्ल्यूवर उभा आहे. साध्या सेव्हमध्ये व्हॅलिडेटर चालत नाहीत, त्यामुळे स्क्रिप्टमधून ‘पुणे’ बिनबोभाट आत जातं आणि तीच नोंद कोणी अॅडमिनमधून (जँगोच्या नोंदी सांभाळायच्या तयार पानांवरून) उघडून सेव्ह केली की फॉर्म नाकारतो. यूआरएलमधला ‘स्लग’ कन्व्हर्टर (पत्त्यातला तो तुकडा ओळखणारा नियम) तर फक्त इंग्रजी अक्षरं, अंक, हायफन आणि अंडरस्कोर घेतो, म्हणजे पान असूनही ४०४. अॅडमिनमध्ये शीर्षक टाइप करताना स्लग भरणारी जावास्क्रिप्ट आणखी वेगळी, आणि तीही मार्क गाळते. शेवटी साधं कॅरफील्ड (कुठलाही छोटा मजकूर ठेवणारं) घेतलं, त्याला आपला व्हॅलिडेटर जोडला, आपला कन्व्हर्टर नोंदवला आणि अॅडमिनमधलं आपोआप भरणं बंद केलं.

‘मग जँगोलाच पुल रिक्वेस्ट टाकू का?’ तिने विचारलं, म्हणजे मूळ कोडमध्ये बदल सुचवू का. आधी ट्रॅकवर, म्हणजे जँगोच्या तक्रारी आणि सूचना नोंदवायच्या साइटवर, जुनी टिकेटं (अशा नोंदी) शोध, म्हटलं, बंद झालेलीसुद्धा. ‘वोन्टफिक्स’ (हे दुरुस्त करणार नाही) म्हणून मिटवलेल्या टिकेटाखालीच खरी कारणमीमांसा सापडते.

इथे तर मुद्दा खरोखर नाजूक आहे. अलाउ युनिकोडची सोय जँगो १.९ पासून, म्हणजे २०१५ पासून आहे. आज नियम बदलला तर जी संकेतस्थळं दर सेव्हला स्लग नव्याने बनवतात, त्यांचे पत्ते एका अपग्रेडमध्ये बदलतील. शिवाय अरबीत स्वरचिन्हं बहुधा लिहीतच नाहीत, त्यामुळे तिथे मार्क गळणं सोयीचंही ठरू शकतं. पायथॉनचं मूळ ‘री’ मॉड्यूल ‘मार्क’ असा वर्ग ओळखत नाही, आणि एवढ्यासाठी जँगो बाहेरची लायब्ररी ओढून घेईल असं मला वाटत नाही. हे सगळं टिकेटात आधीच मांडलेलं असलं, तर पॅच (कोडमधला सुचवलेला बदल) स्वीकारला गेला नाही तरी ते वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याची समज कळते. उमेदवार निवडताना मी गिटहबच्या हिरव्या चौकटी (कोणत्या दिवशी किती काम केलं हे दाखवणाऱ्या) मोजत नाही, असं एखादं टिकेट वाचतो.

पॅच करायचाच तर आधी टेस्ट. स्लगिफायच्या टेस्ट ‘यूटिल्स टेस्ट्स’ फोल्डरमध्ये आहेत. तिथे पुणे आणि पेण घालायचे, टेस्ट चालवणाऱ्या रनटेस्ट्स स्क्रिप्टला तेवढंच मॉड्यूल द्यायचं आणि जुन्या कोडवर टेस्ट पडते हे आधी बघायचं. न पडणारी टेस्ट काहीच सिद्ध करत नाही. वागणूक बदलत असेल तर दस्तऐवज आणि रिलीज नोट्सही त्याच पॅचमध्ये हव्यात. नाहीतर टिकेटावर ‘नीड्स डॉक्युमेंटेशन’ची खूण पडते आणि ते मागे जातं.

‘रेडी फॉर चेकइन’ (मूळ कोडमध्ये घ्यायला तयार) हा शिक्का स्वतःच्या पॅचवर स्वतः मारायचा नसतो, दुसऱ्या कोणीतरी तपासून मारायचा. २०१४ पासून जँगो सॉफ्टवेअर फाउंडेशन टिकेटं चाळायला आणि पॅच तपासायला पगारी फेलो नेमतं, तरी रांग असतेच. तोवर दुसऱ्याचं टिकेट घ्यावं, बग आपल्या मशीनवर होतो का पाहावं आणि पायथॉन व डेटाबेसच्या आवृत्त्यांसकट तसं खाली लिहावं. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.