आमची वाटचाल : नाव जसं दिलं तसं परत मिळावं

ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर आमचं ऑफिस आहे. वेबसाइटचा दर्शनी भाग आम्ही फारसा करत नाही. फॉर्म भरून बटण दाबल्यावर मागे सर्व्हरवर जे घडतं, म्हणजे माहिती तपासणं, ती डेटाबेसमध्ये ठेवणं, हिशेब करणं, बिल नि पावती काढणं, ते आमचं काम. गिऱ्हाइकं बहुतेक जवळपासची आहेत : घोडबंदर रोडवरच्या गृहनिर्माण सोसायट्या, नौपाड्यातलं एक वधूवर सूचक मंडळ, दोन पतपेढ्या, वाशीच्या एपीएमसी मार्केटमधले मसाल्याचे व्यापारी.

2011 साली माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीने आणि मी नोकऱ्या सोडल्या आणि पाचपाखाडीत तिच्या माहेरच्या एका खोलीत सुरुवात केली. प्रोग्रामची भाषा पीएचपी, माहिती ठेवायचा डेटाबेस मायएसक्यूएल. कारण साधं होतं. स्वस्तातल्या स्वस्त होस्टिंगवरही, म्हणजे साइटसाठी भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरवरच्या जागेतही, ही जोडी तयार मिळायची, आणि आमच्या गिऱ्हाइकांना तेवढंच परवडत होतं.

धंद्याची दिशा ठरली ती त्या वधूवर मंडळाच्या कामाने. दुसऱ्या कोणीतरी करून दिलेल्या त्यांच्या साइटवर मराठीत भरलेली नावं प्रश्नचिन्हं होऊन दिसायची. मंडळ चालवणाऱ्या काकू म्हणाल्या, "अगं, लोक विश्वासाने मुलीचं नाव लिहून देतात आणि आम्ही त्यांना नुसती प्रश्नचिन्हं दाखवतो. बरं दिसतं का ते?" त्यांचं ते बोलणं आजही आमच्या कामाच्या मुळाशी आहे.

कारण तसं नेहमीचंच होतं. मायएसक्यूएलमध्ये त्या काळी काही सांगितलं नाही तर टेबल लॅटिन लिपीसाठीच्या अक्षरसंचात बनायचं. देवनागरीला त्यात जागाच नाही. एक टेबल, दुसरी प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यातली जोडणी, तिसरं ब्राउझरला जाणारं पान, या तिन्ही ठिकाणी एकच यूटीएफ-8, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणारी साठवणीची पद्धत, ठरलं की नावं नीट येतात. यात एक फरक मात्र गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगावा लागतो. नावाऐवजी युरोपीय अक्षरांचा गिचमिडा दिसत असेल तर मूळ बाइट, म्हणजे अक्षरं ज्या आकड्यांत साठवतात ते, बहुधा शाबूत असतात, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचले जातात. ते परत मिळवता येतात. साठवलेल्या डेटातच प्रश्नचिन्हं असतील तर मूळ अक्षरं साठवतानाच गेलेली असतात आणि जुने कागदी फॉर्म शोधावे लागतात. मंडळाकडे ते होते. काकूंनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ते सगळे आमच्या खोलीत बसून पुन्हा भरले.

पुढची अडचण याहून फसवी होती. मायएसक्यूएलचा जुना 'यूटीएफ8' एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट देतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह बरोबर तीन बाइटांत बसतं, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाला काही जाणवत नाही. मग एखादी सभासद फोनवरून तक्रार लिहिते, 'पाणी येत नाही' म्हणून हात जोडल्याचं चित्र टाकते आणि पुढे मजला, वेळ, सगळं सविस्तर सांगते. ते चित्र चार बाइटांचं. सर्व्हर कडक तपासणीवर नसेल तर त्या चित्रापासून पुढचा सगळा मजकूर गळून पडतो, आणि कमिटीला अर्धीच तक्रार दिसते. यावरचा उपाय, यूटीएफ8एमबी4, मायएसक्यूएलमध्ये 2010 सालीच आला होता. पण तो आपोआप लागू व्हायला 2018 ची आठवी आवृत्ती यावी लागली. मधल्या काळात टेबलं बदलण्याचं बरंच काम आमच्याकडे आलं. बदलताना 255 अक्षरांच्या रकान्यावरचा इंडेक्स, म्हणजे शोध लवकर लागावा म्हणून ठेवलेली सूची, अक्षराला चार बाइट धरले की 767 बाइटांच्या मर्यादेवर अडायचा. तो 191 अक्षरांवर आणला की काम पुढे सरकायचं.

सगळ्यात जास्त वेळ घेतला तो आडनावांनी. 'कऱ्हाडे', 'गोऱ्हे', 'बोऱ्हाडे' यांतला अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात त्यासाठी ऱ हे वेगळं अक्षर असतं आणि पुढे हलन्त. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण बाइटला बाइट जुळवून पाहणाऱ्या प्रोग्रामसाठी ती दोन वेगळी माणसं असतात. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला ठरावीक अंक देणारा तक्ता; सारखी अक्षरं एका रूपात आणण्याच्या त्याच्या नेहमीच्या नियमांनी हा फरक मिटत नाही. पतपेढीतल्या ताई आडनाव टाकून शोधायच्या, खातं सापडायचं नाही, आणि खातेदार काउंटरसमोर पासबुक घेऊन उभा. आता आमच्या प्रत्येक कामात नाव साठवण्याआधी आणि शोधण्याआधी एकाच छोट्या फंक्शनमधून, म्हणजे प्रोग्रामच्या एका तुकड्यातून, जातं. ते हा र एका ठरावीक रूपात आणतं आणि जादा मोकळ्या जागा काढतं. फंक्शन छोटंच आहे, पण आमच्या सगळ्या कोडमध्ये मला सर्वांत जास्त अभिमान त्याचाच वाटतो.

क्रमाचंही तसंच. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, युनिकोडच्या तक्त्यात मात्र ल च्या लगेच पुढे. म्हणून नुसत्या अक्षरांकावर लावलेल्या यादीत काळे हे कावळे आणि काशीद यांच्या आधी येतात. आयुष्यभर नावांच्या छापील याद्या चाळलेले सेक्रेटरी काका ते लगेच पकडतात. आम्ही क्रमासाठी वेगळा रकाना ठेवतो. देवनागरी अंकांची गोष्टही याच जातीची : कुणी फ्लॅट नंबर '१२' असा भरला तर पीएचपी त्याचं पूर्णांकात रूपांतर करताना शून्य देते. म्हणून फॉर्म आला की पहिल्यांदा अंक बदलून घ्यायचे. 'मराठी अंक चालणार नाहीत' अशी सूचना सभासदाला दाखवायला आम्ही साफ नकार देतो.

नाव मराठी असो की नसो, नियम तोच. ठाण्या-वसईकडचे डिसोझा, डिसिल्वा इंग्रजीत आडनाव लिहिताना मध्ये वरचा स्वल्पविराम (') देतात. जुन्या प्रोग्राममध्ये त्या एका चिन्हाने डेटाबेसला जाणारं वाक्य तिथेच तुटायचं. हाच तो दरवाजा जिथून बाहेरचा माणूस स्वतःची आज्ञा आत घुसवू शकतो. काही जण उपाय म्हणून ते चिन्हच नाकारतात, म्हणजे माणसाला त्याचं नाव चुकीचं ठरवतात. आज्ञा वेगळी आणि माहिती वेगळी पाठवणारी प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरली की सुरक्षाही राहते आणि आडनावही. डिसेंबर 2015 मध्ये पीएचपी 7 आली आणि जुनी मायएसक्यूएल फंक्शन्स भाषेतून काढून टाकली गेली. होस्टिंगवाल्यांनी आवृत्ती बदलली तशा जुन्या साइट बंद पडू लागल्या आणि आमचा फोन वाजू लागला. पोटमाळ्याचं डिपॉझिट त्या कामांतून उभं राहिलं.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा वाशीचे व्यापारी घाईत होते. मसाल्यावर अडीच टक्के केंद्राचे, अडीच राज्याचे. ओळीओळीने पूर्णांकित केलेला कर आणि एकूण रकमेवरचा कर यांत पैशांचा फरक पडतो आणि हिशेबनीस बिल परत पाठवतात. रक्कम फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश अंदाजे धरणाऱ्या प्रकारात, ठेवायची नाही; डेसिमलमध्ये, जिथे दशांश अचूक राहतो, किंवा थेट पैशांत ठेवायची, आणि पूर्णांकन कुठे करायचं ते हिशेबनिसांकडून लिहून घ्यायचं, ही आमची पद्धत तेव्हा पक्की झाली.

ऑनलाइन मेंटेनन्स सुरू झाल्यावर दोनदा भरणा होण्याचा प्रश्न आला. सभासद लोकलमध्ये बसून पैसे भरतो. मध्येच रेंज जाते. विनंती सर्व्हरपर्यंत पोचलेली असते, उत्तर मात्र त्याच्यापर्यंत आलेलं नसतं. तो पुन्हा बटण दाबतो. एकदा दाबल्यावर बटण निष्क्रिय करणं पुरत नाही, कारण माणूस पान नव्याने उघडतो. आम्ही प्रत्येक बिलाच्या भरण्याला आधीच एक खूण देतो आणि डेटाबेसमध्ये ती खूण एकदाच बसेल असं बंधन घालतो. दुसरी विनंती आली की नवीन नोंद होत नाही, पहिलीच पावती पुन्हा दिसते. पेमेंट गेटवेचा, म्हणजे बँकेकडून पैसे घेऊन देणाऱ्या सेवेचा, निरोपही कधी दोन-तीनदा येतो, त्यालाही हेच बंधन. आणि 'यशस्वी' असं ब्राउझर म्हणाला म्हणून बिल भरलं असं मानायचं नाही; गेटवेची डिजिटल सही तपासूनच मानायचं.

बिलाची तारीख हा आणखी एक जुना त्रास. सर्व्हरचं घड्याळ जागतिक वेळेवर असतं, आपण साडेपाच तास पुढे. एक तारखेच्या रात्री साडेबाराला निघालेलं बिल तिकडे आदल्या संध्याकाळचे सात दाखवतं, म्हणजे महिनाच मागचा. वेळ जागतिक साठवायची, तारीख ठरवताना भारतीय वेळ घ्यायची. पीडीएफमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर पडली तर देवनागरीची जुळणी जाणणारी लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामांचा संच, घ्यायची, दुसरा इलाज नाही. मराठी एसएमएस 160 नव्हे, 70 अक्षरांचाच असतो, हे सोसायटीला खर्चाच्या अंदाजपत्रकातच सांगायचं.

हे सगळं आमच्या एका नोंदवहीत आहे. अडचण, कारण, उपाय आणि तपासायची पद्धत. नवीन मुलगा किंवा मुलगी रुजू झाली की पहिले काही दिवस कोड लिहायचं नाही, त्यातल्या अडचणी स्वतः घडवून पाहायच्या. कळवा, ऐरोलीहून आलेली, मराठी शाळेत शिकलेली मुलं यात फार लवकर तयार होतात, कारण चुकलेलं जोडाक्षर त्यांच्या डोळ्यांना आधी टोचतं.

सध्या एका पतपेढीचा जुना डेटा युनिकोडमध्ये आणतोय. तो श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे, म्हणजे फॉन्ट काढला की खाली उरतात ती असंबद्ध रोमन अक्षरं. रूपांतराचा प्रोग्राम आम्ही लिहिला आहे, तरी प्रत्येक नाव पतपेढीतले जुने कारकून छापील खतावणीशी ताडून पाहतात. रफार आणि जोडाक्षरांच्या जागा त्यांनी खूण करून दिल्या की आम्ही प्रोग्राम सुधारतो आणि तो गट पुन्हा चालवतो. मार्चअखेरच्या आत हे संपवायचं आहे, कारण नव्या वर्षाची खाती याच यादीवरून उघडणार आहेत.