देवराईतले सोमवार

आमच्या सिंधुदुर्गातल्या गावच्या देवराईत मी सोमवारी जाते. चपला बाहेर काढायच्या आणि आतली सुकी काटकीही उचलायची नाही, हे आजीने शिकवलं. मंत्र मला फारसे येत नाहीत. राईच्या राखणदार देवाला हात जोडायचे आणि बघत बसायचं, हीच माझी पूजा.

ऋतू सरकतो ते आधी पायांना कळतं. दसऱ्यापर्यंत तळव्यांना ओलं शेवाळ लागतं, हळूहळू माती आवळत जाते आणि शिमग्याला पाला कुरकुरायला लागतो. मधे सातवीण फुलून जाते.

पण माझा जीव सुरंगीवर. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास पानं गळलेल्या जुन्या फांद्यांना सालीवरच बारीक दाणे फुटतात. पुढच्या सोमवारी ते टपोरलेले. मग एका सकाळी पांढऱ्या पाकळ्या, पिवळे केसर आणि मधमाश्यांची नुसती घुमघुम. तेव्हा मी डोळे मिटून नुसती उभी राहते.

याच दिवसांत धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते. नर फटीतून फळं भरवतो. एवढी ढोली जुन्या, जाड झाडालाच असते. म्हणून सभामंडपासाठी कुठे राई तोडली असं ऐकलं की पोटात तुटतं. देवाला झाडांची सावली पुरेशी आहे, असं मला मनापासून वाटतं.

मृग 7-8 जूनला लागतो, काजवे बहुधा त्याआधीच दिसतात. यंदा भाचीला नेणार आहे. तिला अंधाराची भीती वाटते, म्हणून वाटेवर बॅटरी चालेल, आत मात्र बंद.