स्कोअर 12 आला, म्हणजे नक्की काय?

‘मॅडम, मोबाईलवर ती सात प्रश्नांची टेस्ट दिली. सोमवारी 12 आले, गुरुवारी 9. आता मला अँग्झायटी आहे की नाही? आणि या टेस्टवर विश्वास तरी ठेवायचा का?’

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, ओपीडीच्या दारात हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय, की एकदा बसून नीट लिहावं म्हटलं. मी पुण्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. अशा प्रश्नावल्या भरून घेणं आणि त्या कितपत भरवशाच्या आहेत ते तपासणं, यात माझा बराच वेळ जातो.

तुम्ही दिलीत ती बहुतेक जीएडी-7, म्हणजे ‘जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर’ या सततच्या, न आवरणाऱ्या काळजीच्या विकारासाठीची सात प्रश्नांची चाळणी. रॉबर्ट स्पिट्झर, कर्ट क्रोएंके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या 15 दवाखान्यांत ती तपासून 2006 साली प्रसिद्ध केली. सुरुवातीला 13 प्रश्न होते, चाळून 7 उरले. गेल्या पंधरवड्यात काळजी आवरत नव्हती का, एका जागी बसवत नव्हतं का, चिडचिड होत होती का, अशा धर्तीचे. प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 21. 10 किंवा त्याहून जास्त आले तर पुढे नीट तपासणी करावी, इतकंच ती सांगते.

आधी तुमच्या 12 चे 9 कसे झाले ते. त्याच माणसाला आठवड्याच्या आत पुन्हा विचारलं तर दोन्ही वेळच्या गुणांचा मेळ किती बसतो, हे त्या अभ्यासात पाहिलं होतं. तो आकडा आला 0.83. तंतोतंत मेळ असता तर 1 आला असता. 0.83 चांगलाच म्हणायचा, पण त्यात दोन-तीन गुणांची वरखाली सहज होते. सोमवारी ऑफिसात क्लोजिंग असेल, गुरुवारी नसेल. तुम्हाला धक्का बसला तो मध्ये 10 ची रेघ आली म्हणून. आपल्याला शाळेपासून 35 ची सवय, त्यामुळे 34 म्हणजे नापास आणि 36 म्हणजे पेढे. इथे तसं नसतं.

पुन्हा विचारायचं तरी केव्हा, ही वेगळीच पंचाईत. दुसऱ्या दिवशी विचारलं तर माणूस कालचीच उत्तरं आठवून लिहितो. महिन्याने विचारलं तर माणसाचं बरंच काही बदललेलं असतं आणि आपण दोष टेस्टला देतो.

दुसरा आकडा क्रोनबाखचा अल्फा. सगळे प्रश्न एकाच दिशेने बोलतात का, हे तो सांगतो. जीएडी-7 चा होता 0.92. प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांना असा अल्फा मिळाला की ती हवेत असतात. मी मात्र सावध होते. ‘झोप लागत नाही का’, ‘झोप येत नाही का’, ‘डोळ्याला डोळा लागत नाही का’ असं तीनदा विचारा, अल्फा झकास येईल. कळेल फक्त झोपेबद्दल, तेही एकदाच.

म्हणजे टेस्ट भरवशाची असली, तरी ती मोजते ते बरोबर आहे का हा प्रश्न उरतोच. त्यासाठी 965 जणांच्या, त्यांचे गुण किती ते न सांगता, तज्ज्ञांनी फोनवर सविस्तर मुलाखती घेतल्या. त्यातल्या 73 जणांना, म्हणजे 7.6 टक्के लोकांना हा विकार निघाला. 10 ची रेघ धरली तर विकार असलेल्या शंभरातले 89 सापडत होते आणि नसलेल्या शंभरातले 82 बरोबर वगळले जात होते. ऐकायला छान वाटतं. आता हजार माणसं घ्या. विकार असलेले 76, त्यातले 68 सापडले. उरले 924, त्यातले 166 उगीचच रेघेच्या वर आले. एकूण 234 जणांचा स्कोअर 10 किंवा त्याहून जास्त, त्यातले खरे 68. शंभरात जेमतेम 29. तुमचे 12 या गर्दीत बसलेत. बाकीचे सगळे ठणठणीत होते असंही नाही म्हणा. पॅनिक, लोकांमध्ये वावरायची भीती, आघातानंतरचा त्रास असलेलेही याच प्रश्नांत सापडतात, हे 2007 मध्ये त्याच लोकांनी दाखवलं.

आणि हे सगळे आकडे इंग्रजी प्रश्नांचे. भाषा बदलली की पुन्हा सगळं तपासावं लागतं. मागे एका विद्यार्थ्याने ‘ऑन एज’चं, म्हणजे सतत ताणलेलं, अस्वस्थ वाटण्याचं, भाषांतर आणलं होतं, ‘कडेवर असल्यासारखं वाटणं’. आम्ही हसून लोळलो. कडेवर तर तान्हं पोर असतं, आणि ते निवांत असतं! पण चुका इतक्या ढळढळीत नसतात तेव्हा त्या तशाच छापल्या जातात. ‘काळजी वाटते का’ विचारलं की आपल्याकडच्या बाया म्हणतात, ‘ती कुणाला नसते?’ आणि ‘अजिबात नाही’वर खूण करतात. त्यांनाच ‘जीव थाऱ्यावर नसतो का’ विचारा, डोळे भरून येतात.

एक काकू आठवतात. पहिल्यांदा एकट्या आल्या, ‘अर्ध्याहून जास्त दिवस’ म्हणजे किती ते एकादशीपासून बोटांवर मोजलं, 13 गुण आले. पुढच्या आठवड्यात चष्मा विसरल्या म्हणून सुनेने प्रश्न वाचून दाखवले. 5 आले. मी चहाच्या निमित्ताने सुनेला बाहेर पाठवलं. काकू म्हणाल्या, ‘तिच्यासमोर काय सांगू, तिलाच घोर लागेल.’ त्या अमेरिकन अभ्यासात स्वतः भरलेले गुण आणि तज्ज्ञाने विचारून घेतलेले गुण यांचा मेळही 0.83 च होता. पण तिथे प्रश्न सुनेने वाचले नव्हते.

तेव्हा 12 आले असतील तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. ते थायरॉईड बघतील, चहा-कॉफी किती ते विचारतील, बोलतील. जवळपास कुणी नसेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, सरकारी आणि मोफत. पुन्हा पुन्हा टेस्ट देत बसू नका.

मी स्वतः बेरजेच्या आधी दुसरंच बघते. त्या सात प्रश्नांच्या खाली आणखी एक असतो, ज्याला गुणच नाहीत: या त्रासामुळे काम करणं, घर सांभाळणं, माणसांशी जमवून घेणं किती अवघड झालं? मोबाईलवर लोक तो सोडून देतात. काकूंच्या पहिल्या कागदावर तिथे एकाही पर्यायावर खूण नव्हती. शेजारी पेन्सिलने लिहिलं होतं, ‘स्वयंपाक होतो. मीठ घातलं का ते आठवत नाही.’